आठवा सर्व्हर: कॉन्फिगरेशनच्या साधनांची बखर आणि कागद

१/
संगणकाच्या इतिहासाची एक बखर गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर फिरते आहे. तिचे कथानक सोपे आहे. आधी सीएफइंजिन नावाचे एक क्लिष्ट साधन होते. त्याला पपेटने हटवले, पपेटला शेफने, शेफला अ‍ॅन्सिबलने. आणि अखेरीस कुबरनेटिसने येऊन या सर्वांनाच अडगळीत टाकले. एकामागून एक गादीवर बसणारे राजे, आणि शेवटचा तोच चक्रवर्ती. या कथेतून तरुण अभियंत्याला मिळणारा उपदेशही तितकाच सोपा: जे सर्वांत नवे आणि ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, ते साधन निवडावे.

२/
ही बखर चुकीची आहे. नुसती अपुरी असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण तिच्यावर विसंबून रोज निर्णय होतात, आणि त्या निर्णयांवर बँका, शेअर बाजार, विमानतळ आणि रुग्णालये चालतात. ‘साधन’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, तेव्हा त्यांच्या मनात अस्सल कागदपत्रे होती. येथे प्रश्न दुसऱ्या अर्थाच्या साधनांचा, म्हणजे हत्यारांचा आहे. नियम मात्र तोच लागू करावा लागतो: बखर बाजूला ठेवून कागद वाचावेत.

३/
पहिला कागद अमेरिकेच्या रोखे नियामकाचा, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा ऑक्टोबर २०१३ चा आदेश. विषय: नाइट कॅपिटल ही दलाली संस्था. दिवस: १ ऑगस्ट २०१२.

न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी नाइटने ग्राहकांच्या ऑर्डर बाजारात धाडणाऱ्या आपल्या प्रणालीत नवा कोड लिहिला. ही प्रणाली ८ सर्व्हरवर चालत असे. २७ जुलैपासून नवा कोड टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर उतरवण्यात आला. ७ सर्व्हरवर तो पोहोचला. आठव्यावर तो उतरवायचा राहून गेला.

४/
आता या राहून गेलेल्या कामाची किंमत पाहावी. आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना कोड तसाच पडून होता. नाइटने त्याचा वापर २००३ मध्येच थांबवला होता, पण तो काढून टाकला नव्हता. वाड्यातली एखादी खोली कुलूप घालून विसरावी, तसा तो होता. मोठी ऑर्डर पुरी झाली की थांबण्यासाठी या कोडला जी मोजणी लागे, ती २००५ मध्ये प्रणालीत दुसरीकडे हलवली गेली. आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कोणी तपासले नाही. याहून मोठी चूक म्हणजे, पॉवर पेग जागा करणारी जी खूण होती, तीच नव्या कोडसाठी पुन्हा वापरण्यात आली.

बाजार उघडला. सात सर्व्हरनी त्या खुणेचा नवा अर्थ घेतला. आठव्याने जुना घेतला, आणि थांबायचे कधी हे ठाऊक नसलेला तो कोड ऑर्डरमागून ऑर्डर सोडत राहिला.

५/
सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या समभागांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. ३९ कोटी ७० लाखांहून अधिक समभागांची उलाढाल झाली. नाइटचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. मूळ ग्राहकांच्या ऑर्डर होत्या अवघ्या २१२.

६/
याच आदेशात आणखी दोन तपशील आहेत. बखरकार ते सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या कथेत बसत नाहीत.

पहिला: बाजार उघडण्यापूर्वी, सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून, नाइटच्या प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत पॉवर पेगचा स्पष्ट उल्लेख होता. पण ते संदेश इशारा म्हणून रचलेले नव्हते, आणि त्यांवर कोणी कृती केली नाही.

दुसरा अधिक भयंकर आहे. गोंधळ सुरू झाल्यावर तो आवरण्यासाठी अभियंत्यांनी ज्या सात सर्व्हरवर नवा कोड योग्य रीतीने उतरला होता, त्यांवरून तो काढून टाकला. म्हणजे जे सात शहाणे होते, त्यांनाही आठव्यासारखे केले. बाजारातून येणाऱ्या पुढच्या ऑर्डरनी मग तेथेही पॉवर पेग जागा केला.

७/
हा प्रसंग ‘कॉन्फिगरेशन व्यवस्थापन’ या रूक्ष शब्दाची व्याख्याच आहे. कोणत्या यंत्रावर कोणत्या कार्यक्रमाची कोणती आवृत्ती असावी, कोणती फाईल कोठे असावी, कोणती खूण चालू आणि कोणती बंद असावी, हे ठरवणे म्हणजे कॉन्फिगरेशन. शेकडो यंत्रांवर ते खरोखर तसेच आहे याची खात्री ठेवणे म्हणजे त्याचे व्यवस्थापन. नाइटच्या अभियंत्यांना ऐन संकटात एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही: आठ यंत्रांपैकी बरोबर कोणते?

येथे लक्षात घ्यावे की २०१२ मध्ये सीएफइंजिन, पपेट, शेफ, सॉल्ट ही सारी साधने उपलब्ध होती. अ‍ॅन्सिबलही त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रकट झाले होते. उणीव बाजारात साधनांची नव्हती.

८/
आता वंशावळीकडे वळावे. बखरीत सीएफइंजिन म्हणजे केवळ ‘जुने आणि अवघड’. मार्क बर्जेस हा भौतिकशास्त्राचा अभ्यासक १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात होता. तेथील संगणक एकाच जातीचे नव्हते. युनिक्सच्या नाना बोली बोलणारी यंत्रे शेजारी शेजारी नांदत होती. प्रत्येकासाठी वेगळी आज्ञावली लिहून ती सांभाळण्यापेक्षा ‘काय करावे’ हे सांगणे सोडून ‘कसे असावे’ हे सांगावे, हा त्याचा विचार. यंत्रावर राहणारा एजंट ठराविक वेळाने जागा होतो, असावे आणि आहे यांची तुलना करतो, आणि फरक असल्यास दुरुस्त करतो. पुन्हा चालवले तरी बिघाड नाही. ठीक असेल तर काहीच करत नाही. १९९८ मध्ये बर्जेसने याला संगणकाची रोगप्रतिकारशक्ती अशा रूपात मांडले.

हा विचार ‘क्लिष्ट’ नव्हे. भाषा रुक्ष होती हे खरे. विचार आजही कुबरनेटिसच्या पोटात जसाच्या तसा बसलेला आहे. तेथे नियंत्रक अखंड फेऱ्या मारतो, अपेक्षित स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहतो, आणि अंतर मिटवतो. ज्याने सीएफइंजिनला अडगळीत टाकले असे बखर सांगते, तो त्याच घराण्यातला निघतो.

९/
दुसरे घराणे याहूनही जुने आहे. १९८६ च्या ४.३ बीएसडी युनिक्ससोबत आरडिस्ट नावाचे साधन आले: मध्यवर्ती यंत्रावरून फाईली इतर यंत्रांवर ढकलायच्या. एका ठिकाणी बसावे, यादी घ्यावी, प्रत्येक दारावर जाऊन माल टाकावा. अ‍ॅन्सिबलची मूळ चाल याच वळणाची आहे. मायकेल डीहान याने ते रचले तेव्हा दूरच्या यंत्रावर वेगळा एजंट नको, केवळ एसएसएच पुरे, असा आग्रह धरला. (नावाची गंमत अशी की ‘अ‍ॅन्सिबल’ हा शब्द उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या एका कादंबरीत क्षणार्धात संदेश पोहोचवणाऱ्या यंत्रासाठी घडवला होता. प्रत्यक्षातले अ‍ॅन्सिबल हजार यंत्रांवर चालवणाऱ्यांना ‘क्षणार्धात’ या शब्दावर हसू येते.)

१०/
अ‍ॅन्सिबलचे श्रेय नाकारणे मात्र अन्यायाचे ठरेल. वीस यंत्रांच्या छोट्या संस्थेला, किंवा ज्या नेटवर्क उपकरणांवर एजंट बसवताच येत नाही त्यांना, हे साधन वरदान आहे. एका दुपारी शिकता येते. आक्षेप साधनावर नाही. ‘सोपे आहे म्हणून सर्वत्र तेच’ या तर्कावर आहे.

कारण ढकलणाऱ्या साधनाला स्मरण नसते. ज्या क्षणी आज्ञा सुटली, त्या क्षणी आठवे यंत्र बंद असेल, तर अहवालात ‘पोहोचता आले नाही’ अशी एक ओळ येते आणि काम संपते. ती ओळ कोणी वाचली नाही, तर आठवे यंत्र जुन्या रूपात जागे होते. उलट खेचणाऱ्या साधनात यंत्र जागे झाले की स्वतःच विचारायला येते. सीएफइंजिनचा एजंट मूळ मांडणीनुसार दर ५ मिनिटांनी येतो, पपेटचा दर ३० मिनिटांनी. अ‍ॅन्सिबललाही खेचण्याची एक रीत आहे आणि वेळापत्रकाने पुन्हा पुन्हा ढकलताही येते; पण ते मुद्दाम उभारावे लागते, आणि ‘सोपे’ म्हणून साधन घेणारा ते क्वचितच उभारतो.

११/
मग खेचणारे साधन घेतले की प्रश्न मिटला? मुळीच नाही. चुकीची व्याख्या मध्यवर्ती ठिकाणी लिहिली गेली, तर हीच आज्ञाधारक यंत्रे अर्ध्या तासात ती चूक घरोघर नेतात.

१९ जुलै २०२४ ची सकाळ तरुण वाचकांच्या आठवणीत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाईल पाठवली. तिला कंपनीनेच कॉन्फिगरेशनचा बदल म्हटले होते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती सुटली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्या ग्राहकांनी ‘आम्हांला नवी आवृत्ती लगेच नको, एक पाऊल मागे ठेवा’ असे ठरवून ठेवले होते, त्यांची यंत्रेही पडली. कारण तो निर्बंध कार्यक्रमाच्या आवृत्तीला लागू होता, या फाईलींना नव्हता. कोड म्हटले की सारे सावध होतात. कॉन्फिगरेशन म्हटले की पहारेकरी दार उघडून देतो.

१२/
२००२ साली फिलाडेल्फियात लिसा ही प्रणाली-प्रशासकांची परिषद भरली होती. तेथे स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी एक निबंध वाचला. साधनांची तुलना करणारे बहुतेक लोक तो वाचत नाहीत, आणि त्यांच्या तुलना त्यामुळेच उथळ राहतात. निबंधाचे म्हणणे असे: यंत्रसमूहाचे तीन स्वभाव असतात. पहिला, प्रत्येक यंत्र हळूहळू आपापल्या वाटेने भरकटते. दुसरा, साधन त्यांना वारंवार ओढून अपेक्षित रूपाकडे आणते. पण ज्या गोष्टींबद्दल साधनाला सांगितलेच नाही, त्या तशाच राहतात. तिसरा, यंत्र कोऱ्या पाटीपासून, ठरलेल्या क्रमानेच घडवले जाते; म्हणून सर्व यंत्रे खरोखर एकरूप असतात.

नाइटचा पॉवर पेग हा दुसऱ्या स्वभावातली पोकळी दाखवतो. ‘नवी फाईल असावी’ असे साधनाला सांगता येते. ‘नऊ वर्षांपूर्वीचा मृत कोड नसावा’ हे सांगायचे कोणाला सुचले असते? आज कंटेनर आणि न बदलणाऱ्या प्रतिमांचा जो गाजावाजा आहे, तो या तिसऱ्या स्वभावाचाच आहे. आणि तो विचार २००२ च्या कागदावर शाईने लिहिलेला आहे.

१३/
आणखी एक घोटाळा बखर करते: ती दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देते. यंत्र कसे घडवावे हे सांगणारी साधने निराळी. चालू असलेल्या शेकडो सेवांना ‘आत्ता नेता कोण, कोणती सेवा कोठे, कोणती खूण चालू’ हे सांगणारी भांडारे निराळी. गूगलने चब्बीवरचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध केला. याहूमधून झूकीपर आले, २०१३ मध्ये कोअरओएसचे एटसीडी, २०१४ मध्ये हॅशिकॉर्पचे कॉन्सल. यांच्या गाभ्याशी प्रश्न आहे एकमताचा: काही यंत्रे मेली तरी उरलेल्यांनी एकच सत्य मानावे. पपेट विरुद्ध कॉन्सल अशी तुलना करणे म्हणजे किल्ल्याचा पाया आणि किल्ल्यावरचा नगारा यांत श्रेष्ठ कोण, असे विचारणे.

१४/
या भांडारांचाही इतिहास बोध घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस रोब्लॉक्स हे खेळांचे व्यासपीठ ७३ तास बंद पडले. मुळाशी कॉन्सल होते. त्यातली एक नवी सुविधा चालू केल्यावर प्रचंड भाराखाली ते गुदमरले. सेवा त्याच्यावर अवलंबून होत्या हे ओघाने आलेच. पण बिघाड दाखवणारी निरीक्षण-व्यवस्थाही त्याच्यावरच अवलंबून होती. घराला आग लागली, आणि विहिरीची वाट त्याच घरातून जात होती.

गूगलची याबाबतची युक्ती विलक्षण आहे. चब्बी इतके क्वचित बंद पडे की लोक ते अमर आहे असे समजून आपल्या सेवा त्याच्यावर टांगू लागले. तेव्हा त्याच्या रक्षकांनी ते अधूनमधून मुद्दाम बंद पाडायला सुरुवात केली, म्हणजे कोणी आंधळा विश्वास टाकला असेल तर ते शांतपणे उघडकीस यावे.

१५/
ज्या साधनाच्या हाती सर्व यंत्रांच्या किल्ल्या आहेत, ते फितूर झाले तर काय होते, याचा कागद २०२० चा आहे. सॉल्टची रचना वेगासाठी प्रसिद्ध: एक धनी, हजारो सेवक, आज्ञा क्षणात सर्वांपर्यंत. एप्रिलच्या अखेरीस एफ-सिक्युअरच्या संशोधकांनी जाहीर केले की धन्याची ओळख न पटवताच त्याच्या नावाने आज्ञा सोडता येते. दुरुस्ती उपलब्ध होती. तरीही मे महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच लिनिएजओएस, घोस्ट आणि डिजिसर्ट यांच्या सर्व्हरवर हल्ले झाले. वेगाच्या तक्त्यात सॉल्ट पहिले येते म्हणून ते निवडणाऱ्याने हेही विचारायला हवे होते की हा धनी उघड्या इंटरनेटवर का बसला आहे.

१६/
जमीन घेताना सातबारा पाहतात. साधन घेताना कोणी पाहत नाही. अ‍ॅन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटकडे गेले, आणि रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे. शेफ २०२० मध्ये प्रोग्रेसकडे. सॉल्टस्टॅक त्याच वर्षी व्हीएमवेअरकडे, आणि व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे. पपेट २०२२ मध्ये परफोर्सकडे. टेराफॉर्म या शेजारच्या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, आणि पुढच्याच महिन्यात त्याची मुक्त शाखा ओपनटोफू या नावाने लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाला गेली.

सप्टेंबर २०१९ मध्ये तर याहून चमत्कारिक घडले. शेफ कंपनीचा अमेरिकेच्या स्थलांतर-अंमलबजावणी खात्याशी करार असल्याचे समोर आले, तेव्हा कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने निषेध म्हणून आपली मुक्त ग्रंथालये काढून घेतली, आणि शेफच्या ग्राहकांच्या चालू प्रणाली अडखळल्या. नैतिक बाजू कोणाची बरोबर, हा वेगळा वाद आहे. पण ‘हे साधन कोणाकोणाच्या मर्जीवर उभे आहे’ या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी अनेकांना प्रथमच मिळाले.

१७/
बखरीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: लोकप्रिय साधन घेतले की माणसे सहज मिळतात. हिंजवडीतल्या कोणत्याही भरती-विभागाला विचारावे, तो हेच सांगेल, आणि त्यात तथ्य आहे. पण या युक्तिवादाचा अर्थ नीट वाचावा. साधनाची भाषा येणारी माणसे मिळतात, एवढाच तो आहे. ढकलणे आणि खेचणे यांतला भेद, भरकटलेले यंत्र ओळखण्याची दृष्टी, मागे फिरताना नेमके कोठे फिरायचे याचे भान, या गोष्टी नोकरीच्या जाहिरातीत मागितल्या जात नाहीत. म्हणून त्या मिळतही नाहीत. नाइटकडे माणसे नव्हती असे कोण म्हणेल?

१८/
साधन पारखायची एक रीत फार खर्चाची नाही. आठ यंत्रे मांडावीत. एक बंद ठेवावे. बदल सोडावा. मग ते यंत्र चालू करावे, आणि कोणीही हात न लावता ते किती वेळात इतर सातांसारखे होते ते घड्याळ लावून पाहावे. होतच नसेल, तर ते वेगळे असल्याची बातमी कोणाला, किती लवकर आणि किती मोठ्या आवाजात मिळते, हे पाहावे. त्यानंतर मुद्दाम चुकीचा बदल सोडावा आणि तो पहिल्या यंत्रावरच अडतो की आठही पाडतो, ते नोंदवावे. शेवटी मध्यवर्ती यंत्रच बंद करावे आणि उरलेली काय करतात ते पाहावे. ही परीक्षा एका दिवसात उरकते. साधनांच्या लोकप्रियतेचे तक्ते वाचण्यात सहसा याहून अधिक दिवस जातात.

१९/
नियामकाने नाइटला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. तोपर्यंत ती संस्था स्वतंत्र उरलेलीच नव्हती. २०१३ च्या उन्हाळ्यात ती गेटको या प्रतिस्पर्ध्यात विलीन झाली होती. आठव्या सर्व्हरवर नवा कोड न उतरवणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव त्या आदेशात नाही. कोणत्या साधनाने कोड उतरवला याची चर्चाही त्यात नाही. आहे ते एवढेच: दुसऱ्या कोणा तंत्रज्ञाने ते काम तपासले नाही, आणि असे तपासावे असे सांगणारी कोणतीही लेखी कार्यपद्धती नाइटकडे नव्हती.